तू तुझी ओळ सोडू नको

२४ जून, मंगळवार

शाळा सुरू झाली नाही तोच घसा बसला. दिवसभर आठवीच्या पोरांवर ओरडायचं, घरी येऊन प्र.वर ओरडायचं. (तोंडावर 'अहो', इथे 'प्र.'. नवऱ्याला वहीत तरी एकेरीत बोलू द्या.) ओरडून काही उपयोग नाही हे दिवाळीपासून माहीत आहे. उजवा कान पूर्ण गेला, डावा नावापुरता. इतकी वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत तबला वाजवला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना भोंगे. एका सकाळी नाटकावरून आला तो कानात शिट्टी घेऊनच. नागपूरच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. ते लावलं की म्हणायचा, डब्यात गिट्टी हलवल्यावानी वाटते. मशीन आता खणात, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी.

शाळेतून एक पाटी आणली आहे. मी लिहिते, तो वाचतो. आधी उत्तरं तोंडाने द्यायचा. मग एकदा दवाखान्याच्या रांगेत फार मोठ्याने बोलला, लोक वळून हसले. तेव्हापासून नुसती मान हलवतो.

आज लिहिलं, भाजी काय करू? मान हलली. हो, की नाही, की काहीही कर, ते कळलं नाही. वांगी केली.

२६ जून, गुरुवार

प्रज्ञाने पुण्याहून काहीतरी पाठवलं. 'आई, हे शेवटपर्यंत ऐक. मधेच बंद करू नकोस.' लेकीचा हुकूम. भांडी घासता घासता लावलं. लाकडी पट्ट्यांवर काठीने वाजवल्यासारखा आवाज, जलतरंगाचा लाकडी भाऊ म्हणा. छोटासा तुकडा. बरा होता. मग तोच. मग परत तोच. ओल्या हाताने मोबाईल बंद केला, चालू केला, पुन्हा लावला. तोच. शेजारच्या शोभाबाई भिंतीवरून डोकावल्या, "मॅडम, मोबाईल अटकला काय जी तुमचा?"

म्हटलं हो, अटकला. बंद केला.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन. पोट धरून हसली.

"आई, अटकला नाही. ते तसंच असतं. मिनिमल म्हणतात. थोडेच सूर घ्यायचे, तेच वाजवत राहायचं आणि हळूहळू सरकवायचं."

"काय सरकवायचं?"

"ते तू ऐक ना. तू चित्रकलेची टीचर आहेस, तुला दिसेल."

"आणि हे ऐकतं कोण?"

"मी. ऑफिसातून आल्यावर. डोकं शांत होतं."

तिचं होत असेल. माझ्याकडे तेच ते काय कमी आहे? नळ, डबा, घंटा, हजेरी, घंटा, पाटी, वांगी. त्यात हे अजून विकत घेऊ?

२९ जून, रविवार

दुपारी प्र.ने स्वतःहून मोबाईल माझ्यासमोर धरला. विलासला मेसेज केलाय, तबला-डग्गा घेऊन जा म्हणून. विलास म्हणजे गेल्या सीझनला नाटक कंपनीत प्र.च्या जागी बसला तो. वडशाचा. माणूस चांगला, रागवायलासुद्धा जागा नाही. त्याचं उत्तरही आलेलं, धान लावून झालं की येतो म्हणून, 'रोवणी आटोपली का येतो भाऊ.'

पाटीवर लिहिलं, काऊन?

किती दिवसांनी बोलला. "पडून पडून चामडं खराब होते." एवढंच. आवाज जाडाभरडा, त्याचा त्यालाच नकोसा.

मला काय वाटतं ते सरळ लिहून ठेवते. तबला घरातून गेला की हा माणूस पूर्ण मिटणार. आत्ता निदान पलंगाखाली आहे. झाडताना माझा हात तबल्याच्या गवसणीला लागला की तो तिकडे बघतो, अजून बघतो. तेवढंच उरलंय. तेही गेलं की मी जन्मभर पाटीवर भाजी विचारत बसणार. मला भीती वाटते. आणि भीती वाटून घेण्याचाही आता थकवा येतो.

प्रज्ञाला सांगितलं नाही.

३ जुलै, गुरुवार

लाईट गेली. उकाडा असा की भिंतींना घाम. प्र. ओसरीत, मी आत. प्रज्ञाचे जुने हेडफोन सापडले, ते लावले. खरं तर झोप येईल म्हणून लावलं तिचं ते अडकलेलं गाणं.

झोप आली नाही. आधी चीड आली, मग कंटाळा, कंटाळ्याने डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. उठायचा कंटाळा होता म्हणून ऐकत राहिले. मग कधीतरी लक्षात आलं, वाजवणारे दोन आहेत. दोघं एकच तुकडा एकदम वाजवत होते म्हणून एक वाटत होते. त्यातला एक किंचित घाई करतो. इतकी किंचित की आधी वाटतं आपल्याच कानाला काहीतरी झालं. मग सगळं विस्कटतं, टिनावर बोरं पडल्यासारखं. आता हे मोडणार असं वाटतं, आणि तेवढ्यात परत जुळतं. पण आता एक जण एक सूर पुढे आहे, म्हणून तेच सूर आणि गाणं भलतंच. नवीन सूर कोणीच घेतला नव्हता. मी मागे जाऊन तपासलं.

शेवटी दोघं परत सोबत येतात. मग संपतं.

उठून बसले. चहा केला. प्र.ला कप देताना वाटलं सांगावं. पाटीवर काय लिहू? 'दोघं सोबत होते, मग नव्हते, मग होते'? नुसता कप दिला.

७ जुलै, सोमवार

शाळेत मु.अ.नी वाचनालयाची भिंत रंगवायची म्हणून परत गळ्यात घातली. रंग कोण देणार विचारलं तर हसले.

ते गाणं काढून बघायचा प्रयत्न. प्रत्येक सुराला एक ठिपका, उंच सूर वर, खालचा खाली. साडीचा काठ झाला. छान काठ, एलिमेंट्रीच्या पोरींना दाखवण्याजोगा. पण काठ सरकत नाही. प्रज्ञाला फोटो पाठवला. 'आई हे वॉलपेपर झालं.' कार्टी.

१० जुलै, गुरुवार

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. मी गेले, प्र. नाही आला. सगळ्याजणी विचारतात, कसे आहेत भाऊ? मी म्हणते, आहेत. त्यांना ते पुरतं.

पुन्हा काढलं, दोन रंगांत. फाडलं.

१३ जुलै, रविवार

कुंदाबाईकडे रोवणी. कुंदाबाई म्हणजे प्र.ची मोठी बहीण, ब्रह्मपुरीपासून जरा आत. प्र.ला पाटीवर लिहिलं, चला. मान हलली, आणि खरंच चप्पल घालून उभा राहिला. कुरखेड्याहून वडसा, वडशाहून ब्रह्मपुरी, पुढे काळीपिवळी जीप. वडशाच्या स्टँडवर नाटक कंपन्यांच्या बोर्डांकडे पाठ करून उभा होता.

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन. चिखलातून कुंदाबाई ओरडली, "अवं मास्तरीण, तिथी उभी राहून का पाह्यतं? उतर चिखलात!" म्हटलं गुडघे. ती भावाशी काहीतरी मोठ्यामोठ्याने बोलली, त्याने मान हलवली. मग माझ्याकडे बघून हळू, "घरी बी असाच राह्यते काय?"

"असाच."

कुंदाबाईने परह्याची, धानाच्या रोपांची, पेंडी उचलली आणि वाकली.

मी बघत होते कारण दुसरं करायला काही नव्हतं. कुंदाबाई आणि तिच्या बाजूला म्हातारी देवकाबाई. दोघींनी एकाच धुऱ्यापासून सुरू केलं. दोघींचे हात एकदम चिखलात, एकदम वर. कुंदाबाईचा हात मूळचा चलाख. हळूहळू पुढेमागे व्हायला लागलं, एकीचा हात खाली तर दुसरीचा वर, मग कसलाच मेळ नाही, नुसतं डुबुकडुबुक. आणि बघता बघता परत दोघींचे हात एकदम खाली. पण आता कुंदाबाई एक ओळ पुढे होती. (रोवणीत पुढे जाणारी बाई मागे सरकत असते, हे वेगळंच.)

हेच. हेच ते गाणं.

आणि रोवलेल्या बांधीत, त्या भाताच्या खाचरात, तिरप्या ओळी दिसत होत्या. धुऱ्यावरून दोन पावलं चाललं की त्या ओळी वळायच्या. त्या कोणी लावल्या नव्हत्या. त्या दोघींनी आपापलं लावलं होतं, तिरपं आपोआप आलं.

प्र.ची बाही ओढली. "बघा, बघा." पाटी घरी राहिलेली. तो बांधीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. बाईला ऊन लागलं असं वाटलं असणार, ऊन नसताना.

१७ जुलै, गुरुवार

रोज थोडं काढते. शाळेतून आल्यावर पाय सुपासारखे सुजलेले, तरी. ठिपके नाहीत, परहेच काढले. उंच सुराला उंच रोप, खालच्या सुराला बुटकं. वरची ओळ देवकाबाई, खालची कुंदाबाई. देवकाबाई शेवटपर्यंत एका अंतराने. कुंदाबाई केसभर घाई करते.

आता दिसतं. कान बंद करून बघितलं तरी दिसतं. मग लक्षात आलं की मी हे कोणासाठी काढतेय. इतके दिवस मला ते कळलंच नव्हतं. प्रज्ञाला कळलं असणार, म्हणून तर पाठवलं. विचारणार नाही तिला, उगाच फुशारेल.

२० जुलै, रविवार

सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. पाटीवर लिहिलं, हे गाणं आहे. प्रज्ञाने पाठवलं. दोघं वाजवतात.

प्र.ने बघितलं. जेवला. परत बघितलं. मी ताटं घेऊन मोरीत गेले. परत आले तर एक बोट वरच्या ओळीवर, दुसऱ्या हाताचं बोट खालच्या ओळीवर, आणि दोन्ही बोटं वाजत होती. टेबलावर. बारीक, पण वाजत होती. उजवा सरळ, डावा सरकत. मी दारातच उभी राहिले. हातातलं फडकं टपकत होतं.

पान संपलं. दुसऱ्या पानावर गेला आणि थांबला. मागच्या पानावर आला, परत पुढे. कपाळाला आठ्या.

"इथी तोडलंस काऊन?"

केवढ्याने बोलला! शोभाबाईंकडे गेलं असणार.

"हा तं अर्धा दाणा पुढं गेल्ता. पान पलटलं आन् दोघं सोबत? मधात काय झालं?"

बघितलं. (त्याचा एक दाणा म्हणजे माझा एक सूर, एक रोप.) खरंच की. प्रत्येक नव्या कागदावर मी दोन्ही ओळी समासापासून सुरू केल्या होत्या. पोरांना शिकवते ना, आधी समास आखा, मग काढा. पानभर दोघांना कष्टाने दूर नेलं आणि नवीन पान आलं की माझ्या हाताने त्यांना गुपचूप परत शेजारी उभं केलं. दिसायला नीट. मला एकदासुद्धा खटकलं नाही.

पाटीवर लिहिलं, चुकलं.

"चुकलं तं लंबं कर. सलंग पायजे. तोडायचं नाई."

मी मोरीत जाऊन रडले. तोडायचं नाई म्हणतो. आठ महिने मान हलवत होता, आणि बोलला तर चूक काढायला. माझाच नवरा.

२३ जुलै, बुधवार

एवढा लांब कागद कुठून आणायचा? प्र.ने पलंगाखालून नाटकांची जुनी पोस्टरं काढली. पाठीमागून कोरी. कणकेची खळ त्यानेच केली, गुठळ्यांची, पण केली. एकाला एक चिकटवत गेलो. एका पोस्टरवर खाली बारीक अक्षरात त्याचं नाव होतं, 'तबला' पुढे. ते उलटं करून त्यावर खळ लावताना त्याचा हात थांबला नाही. माझा थांबला.

२७ जुलै, रविवार

पट्टी झाली. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या दारापासून बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखालून थेट पुढच्या दारापर्यंत. शोभाबाई बघून गेल्या. "धान लावलं काय जी भिंतीवर?" म्हटलं हो, यंदा घरातच.

दुपारी प्र.ने गवसणी काढली. पावसाने चामडं उतरलेलं. हातोडीने गट्टे ठोकले, थाप मारली, माझ्याकडे पाहिलं. "चढला काय?" मला काय कळतं सुरातलं? पाटीवर लिहिलं, मी चित्रकलेची आहे. हसला. दात दिसेपर्यंत हसला. मग डग्ग्यावर नुसता तळवा ठेवून बसला कितीतरी वेळ. म्हणाला, हाताले कळते.

मला पोळपाट आणि लाटणं. बसवलं समोर.

"तू देवकाबाई. तुझी ओळ तेच ते, तेच ते. मी सरकतो. तू हालायचं नाई. काई झालं तरी तू तुझी ओळ सोडू नको."

किती वेळ टिकले? सांगण्यासारखं नाही.

३१ जुलै, गुरुवार

दंड भरून आलेत. फळ्यावर हात वर जात नाही. पोरं विचारतात, मॅडम काय झालं? काय सांगू, पोळपाट वाजवते म्हणून?

शाळेतून आले तर हा लाटणं घेऊन दारात तयार. म्हटलं चहा तरी घेऊ द्या. आधी मुका होता, आता मास्तर झालाय. "हाललीस." "परत हाललीस." "इथी हाललीस पाय." सरकणं त्याच्याकडे आणि थकायचं मी. तेच ते वाजवणं किती अवघड आहे हे कोणाला सांगून पटणार नाही. त्याचं सुरू झालं की माझा हात आपोआप त्याच्यामागे जातो. लाटणं फेकलं. गडगडत पलंगाखाली गेलं. ओरडले, "तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरं आहे!"

ऐकू गेलं नाहीच. पण तोंड बघितलं त्याने माझं.

पाटीवर लिहिलं, मला तुमचं ऐकू येतं. म्हणून ओढली जाते.

पुष्कळ वेळ वाचत होता एवढंसं. मग म्हणाला, "आन् मले नाई येत, म्हणून मी सरळ जातो." दुःखाने नाही. गणित सुटल्यावर पोरं म्हणतात तसं म्हणाला. लाटणं त्यानेच वाकून काढलं.

३ ऑगस्ट, रविवार

युक्ती केली. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून स्कार्फ घट्ट. नुसतं भिंतीवर बघून वाजवलं. हलले नाही! पहिल्यांदाच विस्कटलेल्या जागेतून पार झालो आणि जुळलो, प्र.ने मान डोलावली, स्टेजवर डोलवायचा तशी.

पण मी तो कापूस परत घालणार नाही. त्याचे ओठ हलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. पाऊस दिसत होता, पत्र्यावर पडत होता, आणि काही नाही. आपण काचेच्या बरणीत आणि जग बाहेर. थोडाच वेळ होता तो, तरी मला रडायला यायला लागलं. हा यात राहतो. दिवाळीपासून यातच राहतो, आणि मी भाजी विचारते.

कापूस काढून टाकला. ओढली गेले तर गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रज्ञाला व्हिडिओ पाठवला, तिचे बाबा आणि पोळपाटवाली. तिचा फोन. नाक ओढत होती. मग म्हणाली, "आई, तुमचं तिसरं ऐकू येतंय."

"तिसरं काय?"

"तू वाजवत नाहीयेस, बाबा वाजवत नाहीयेत, तरी तिसरं एक गाणं ऐकू येतंय मधून."

तिरप्या ओळी. मला वाजवताना ऐकू येत नाही, दम लागलेला असतो. प्र.ला तर काय. आम्हा दोघांचं गाणं पुण्यात ऐकू येतं, हे छान आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

विलासचा मेसेज. 'भाऊ रोवणी झाली. रविवारी सकाळी येतो.'

प्र.ने वाचून मोबाईल पालथा ठेवला. आज वाजवायला बोलावलं नाही. मी लाटण्याने पोळ्या केल्या.

पाटीवर लिहिलं, देणार?

"शब्द देल्ला ना."

म्हटलं, म्हणजे लिहिलं, आता तर वाजवता. त्याने पाटी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि बाजूला ठेवली. "हे का वाजवणं होय? घरात, भिंतीकडं पाहून, पोळपाटासंग. तबला स्टेजवर पायजे. त्याले माणसं पायजे."

खोटं बोलत नव्हता. कानही तसेच आहेत, काही चमत्कार झालेला नाही. महिनाभर मी उगाच हुरळले. पाठ दुखते आहे, तपासायचे कागद तसेच पडलेत. भाजी न विचारता वांगी केली.

९ ऑगस्ट, शनिवार

कुंदाबाई राखी घेऊन आली. भिंत बघितली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, बोट न लावता. मग भावाकडे वळून हाताने विचारलं, हे काय? त्याने सांगितलं, "ते तू आन् देवकाबाई."

"मी एवढी पुढं जातो काय?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. तोही हसला. आज दिवसभरात तेवढंच.

गवसणी बांधून दाराजवळ ठेवली आहे त्याने.

१० ऑगस्ट, रविवार

विलास बाहेरच्या खोलीत बसला आहे, प्र. त्याच्यासमोर, मधे तबला. मी आत चहाच्या निमित्ताने आले आणि लिहितेय. पाटी इकडे माझ्याजवळच राहिली आहे. नेऊन द्यायला हवी. देते. आधी सकाळचं लिहू दे.

सकाळी उठले तर गवसणी सोडलेली. पोळपाट मांडलेला. "तो याच्या आंधी एकदा पुरं करू. मंग घेऊन जाऊ दे."

आम्ही एकदाही पूर्ण केलेलं नव्हतं. कुठे ना कुठे मी हलायचेच.

बसलो. पाऊस होता, बारीक. प्र.ची नजर भिंतीवर आणि माझ्या हातावर. सुरू केलं. सोबत. मग तो सरकला. पहिलं विस्कटणं, मला वाटलं संपलं, पण जुळलं. मग दुसरं. माझा दंड पेटलेला. मी देवकाबाई आहे, मी देवकाबाई आहे, असं मनात म्हणत होते. तिच्या गुडघ्यांची आठवण काढत होते. चिखल, हात खाली, हात वर. आणि मधे कुठेतरी मला ते ऐकू आलं. तिसरं. दोघांपैकी कोणीच वाजवत नव्हतं असं काहीतरी, भिंतीच्या आणि तबल्याच्या मधून तिरपं जाणारं. माझ्या हातात तेच ते होतं. तेच ते, आणि मला कंटाळा आलेला नव्हता.

कोनाडा मागे गेला. पट्टीचं टोक दिसायला लागलं. एक दाणा राहिला, शेवटचा. तो सरकला की आम्ही परत सोबत.

तेव्हा कडी वाजली.

"भाऊ! वयनी! जयभीम जी, विलास आलो."

प्र.ला काही नाही. तो सरकायला लागला होता. डोळे माझ्या लाटण्यावर. कडी परत वाजली, जोरात, तिच्या वेगळ्याच चालीने, आणि माझा हात तिच्यामागे जायला लागला. बाहेर माणूस पावसात उभा होता, लांबून आलेला, प्र.ने शब्द दिलेला. मला सगळं ऐकू येत होतं.

मी ओळ सोडली नाही.